ताईच्या जागी वाळूचं पोतं

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी काही दुःखी वगैरे नाही. लोकच माझ्याकडे असं बघतात, जशी काही मी कुणाची तरी वाईट बातमी घेऊन आले आहे. मी तर धडधाकट, चार चाकांची, बडबडी बाई आहे. जरा कुरकुरते, पण ते वयामुळे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नळ्या वाकवणारा वेगळा, वेल्डिंग करणारा वेगळा आणि चाकांच्या तारा ताणणारी बाई वेगळी. ही बाई प्रत्येक तार बोटानं वाजवून बघायची आणि आवाज पटला नाही की तोंड वाकडं करून पुन्हा आवळायची. तिच्या हातगुणामुळे माझी मोठी चाकं अजून सरळ पळतात.

पुढे दवाखान्यात लागले. तिथली उमेदीची वर्षं नुसत्या धावपळीत गेली. एक्स-रेच्या खोलीपासून वॉर्डापर्यंत, वॉर्डापासून फाटकापर्यंत. बरा झालेला माणूस फाटकाशी माझ्यावरून उठायचा आणि मागे वळूनही न बघता निघून जायचा. मला त्याचा आनंदच व्हायचा, खरं सांगते. मग नव्या चकचकीत खुर्च्या आल्या आणि मला जिन्याखाली, मोडक्या पंख्यांच्या शेजारी टाकलं. धूळ खात पडले होते. तेवढ्यात दवाखान्याच्या फरश्या बदलायला एक कारागीर आला. त्यानं मला उलटी केली, चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, "ही चांगली आहे की. आमच्या ताईला होईल."

अशी मी ताईच्या घरी आले. ताई म्हणजे या फरशीवाल्याची मोठी बहीण. उभा जन्म तिनं रेल्वेच्या तिकीट खिडकीत काढला होता. पाठीच्या दुखण्यानं पाय गेले आणि ती धाकट्याकडे राहायला आली. भावाला ती धाकट्याच म्हणायची, त्याचे केस पिकले तरी. पलंगावरून माझ्यावर ती हातांच्या जोरावर स्वतः यायची. कुणी मदतीला पुढे झालं की एकच शब्द, "राहू दे."

ताईला एकाच गोष्टीची ओढ होती. तिच्या रेल्वेमार्गाचं शेवटचं स्टेशन होतं समुद्रकाठच्या एका डोंगराळ शहराचं. तिथली तिकिटं तिनं हजारोंनी फाडून दिली होती. लोक परत येऊन खिडकीशी सांगायचे, माथ्यावरून समुद्र काय दिसतो म्हणून. ताईनं स्वतः समुद्र कधी बघितला नव्हता. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पाय गेले.

मग नेत का नव्हते, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं झालं. घरातल्या एका लग्नात हॉल होता वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. चौघांनी ताईला माझ्यासकट उचललं. "धरा रे, तिकडनं धरा, जड आहे," असा आरडाओरडा. अर्ध्या जिन्यात ताईच्या पायांवरची चादर घसरून पडली आणि ताटं घेऊन उभी असलेली माणसं बघत राहिली. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण ताई जेवली नाही. घरी आल्यावर तिनं धाकट्याला बजावलं, "जिथं मला उचलायला लागेल तिथं मी आता येणार नाही. समुद्र असो नाही तर स्वर्ग असो." तेव्हापासून आमचं जग म्हणजे खोली, अंगण आणि डॉक्टर.

धाकट्या तसा कमी बोलणारा. पण त्याच्या कामाची एक रीत होती. सिमेंट कालवायच्या आधी तो सगळी खोली कोरडी मांडायचा. फरशीला फरशी लावून नुसती ठेवायची, कुठे कापावी लागेल, कुठे उतार चुकतोय ते बघायचं आणि मगच बसवायची. एके दिवशी तो ताईपाशी येऊन म्हणाला, "मी एकटा जाऊन येतो त्या शहरात. खुर्ची घेऊन. स्टेशनपासून माथ्यापर्यंत कुणी हात न लावता जाता येतं का, कोरडं मांडून बघतो."

खुर्ची गेली म्हणजे दोन दिवस तिला पलंगावर पडून राहावं लागणार होतं. "जा," ती म्हणाली. "पण परत येऊन मला गोड गोड सांगायचं नाही. होत नसेल तर नाही म्हणून सांग. मी विषय संपवीन."

भल्या सकाळी आम्ही त्या शेवटच्या स्टेशनावर उतरलो. समोर सगळं शहर भिंतीवर टांगल्यासारखं उभं. धाकट्यानं बाहेरच्या एका बांधकामावरून वाळू मागून घेतली आणि घरून आणलेल्या पोत्यात भरली. ताईनं आपलं वजन त्याला सांगितलं होतं. त्यात त्यानं आपल्या मनानं एक घमेलं वाढवलं आणि फलाटावर परत येऊन पोत्याला ताईची शाल गुंडाळून माझ्यावर बसवलं.

स्टेशनाच्या दारात हमालानं अडवलं. "पाहुणे कोण?"

"माझी मोठी बहीण," धाकट्या म्हणाला.

"बोलत नाहीत फारशा."

"आज पहिल्यांदाच."

हमाल हसला आणि त्यानं पायऱ्या सोडून सामानाच्या गाड्यांचा उतार दाखवला. तिथून आमची पायपीट सुरू झाली. सरळ रस्ता म्हणजे नुसता चढ. धाकट्या ढकलून ढकलून घामाघूम झाला. भाजीची हातगाडी ओढणारी एक बाई मागून ओरडली, "अहो, सरळ काय चढताय? आम्ही मरायचो की असं गेलो तर. गोदामांच्या मागनं आडवं आडवं जा." तसे गेलो. त्या शहरात माणसांचे रस्ते वेगळे आणि गाड्यांचे वेगळे, हे आम्हाला तिथे कळलं. माणसं पायऱ्यांनी जातात. भाजी, दूध, गॅसच्या टाक्या मागच्या दारांनी जातात. आम्ही दुधामागून गेलो.

दुपारी एका उतारावर घात झाला. एक टेकडी ओलांडून खाली येत होतो, माझं तोंड उताराकडे. पुढची छोटी चाकं गटाराच्या जाळीत अडकली आणि पोतं धाडकन पुढे पडलं. शाल एकीकडे, वाळू रस्ताभर. कोपऱ्यावरचा चांभार हसत उठला, पण धाकट्याचा चेहरा बघून गप्प झाला. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो रस्त्यावर बसला आणि वाळूकडे बघत म्हणाला, "ताई असती तर?" मलाही रडू येत होतं. चूक माझ्याच चाकांची होती.

चांभारानं पोतं शिवून दिलं. वाळू भरू लागला आणि म्हणाला, "उतारावर उलटं न्या. पाठ पुढे. म्हणजे माणूस तुमच्या अंगावर येईल, रस्त्यावर नाही." तेव्हापासून प्रत्येक उतार आम्ही उलटा उतरलो. एका ठिकाणी गल्ली पायऱ्यांशी संपली, तर शेजारच्या लाँड्रीवालीनं आपलं फाटक उघडून दिलं. वाळत घातलेल्या चादरींमधून वाट काढत आम्ही पलीकडच्या रस्त्याला लागलो. "खऱ्या ताईंना आणाल तेव्हा फक्त हाक मारा," ती म्हणाली.

ऊन कलता कलता आम्ही माथ्यावर पोचलो. मित्रांनो, पूर्ण शहर ओलांडून, आणि मला कुणी एकदाही उचललं नव्हतं. धाकट्या कडेच्या दगडी भिंतीपाशी गेला, समोर समुद्र बघितला आणि एकटाच हसायला लागला. पोत्यावर थाप मारून म्हणाला, "जमलं, ताई."

त्याचे पाय भरून आले होते. त्यानं पोतं खाली उतरवलं आणि दमून स्वतः माझ्यावर बसला. मान वर केली आणि त्याचं हसू मावळलं. समोर भिंत होती. नुसती दगडी भिंत, वर थोडं आभाळ. समुद्राचा थेंबही दिसत नव्हता. तो उठला, समुद्र. बसला, भिंत. असं दोन-तीनदा करून बघितलं. मला नवल वाटलं नाही. माझ्या उंचीवरून जगात भिंतीच जास्त दिसतात, पण मला कोण विचारणार?

मग त्यानं वाळू तिथल्या एका चहावाल्याच्या दाराशी ओतली, पोतं घडी केलं आणि तो निघाला. पण चालत नाही. माझ्यावर बसून, हातांनी चाकं फिरवत. जिथं उतार जास्त तिथं उतरायचा, सपाटी आली की पुन्हा बसायचा आणि बसून समुद्र शोधायचा. लोक वाकून त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागले, जणू तो बहिरा आहे. एका छत्रीवाल्या गृहस्थांनी तर विचारलंही नाही. मागून मूठ धरली आणि त्याला ढकलत रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. धाकट्याला जायचं होतं अलीकडच्याच बाजूनं. त्याचे हात माझ्या दांड्यांवर घट्ट आवळलेले मला कळत होते.

अंधारून यायच्या सुमारास एका वळणावर भिंत संपली आणि लोखंडी कठडा लागला. त्याच्या गजांमधून, एका पाण्याच्या टाकीच्या बाजूनं, समुद्र दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरी आलो. ताई उशीला टेकून बसली होती. "हं. सांग. गोड करून नको."

धाकट्यानं सगळं सांगितलं, पोतं पडलं तेही. "वाट आहे, ताई. उचलावं लागत नाही. पण माथ्यावर भिंत आहे. उभ्या माणसाला समुद्र, बसलेल्याला भिंत. खालच्या वळणावर दिसतो, पण अर्धाच. मध्ये टाकी येते."

"बसलेल्याला भिंत दिसते हे तुला कसं कळलं?"

"बसलो ना हिच्यात."

"किती वेळ?"

"खाली येईस्तोवर. एका शहाण्यानं तर न विचारता ढकललंच मला. असा राग आला, ताई, काय सांगू."

"मग काय केलंस?"

"काय करणार? थँक्यू म्हणालो."

ताई हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत. "मीही तेच म्हणते रे," ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली, तेच म्हणते." मग तिनं माझ्याकडे हात केला. "आण हिला इकडे. आणि मला सांग, टाकीच्या कुठल्या बाजूनं जास्त दिसतो?"

मित्रांनो, मी आता फार थकले आहे. माझ्या चाकांना अधूनमधून तेल द्या, माझ्यावर ओले कपडे टाकू नका. आणि कुणासाठी काही चांगलं करायला निघालात, तर आधी त्याच्या जागी दोन मिनिटं बसा आणि समोर काय दिसतं ते बघा. मग ढकला, पण विचारून.