सत्काराची ओटी
घनसावंगीजवळच्या त्या गावात सत्कार म्हटला की मंडप, माईक आणि लांबलचक भाषण आलंच. त्या दिवशी तर गावची दोन लेकरं एकदमच फौजेतलं ट्रेनिंग संपवून सुट्टीवर आलेली. सरपंच रामरावांचा कल्याण आणि कडूबाची आकांक्षा. भरतीच्या वेळी दोघांनी एकाच मजकुराच्या कागदावर सही केली होती: चार वर्षं लग्न करायचं नाही, केलं तर नोकरी गेली.

आधी कल्याणला बोलावलं. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ. रामराव तर माईक सोडायलाच तयार नव्हते.

"चार वर्षं लग्नाचं नाव काढणार न्हाई, अशी सही करून आलाय माझा पोरगा! दोन स्थळं आल्ती, बराबर वापस लावली. देश आधी, लगीन मंग!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

मग आकांक्षाचं नाव पुकारलं. आपल्यालाही फेटा बांधतील म्हणून तिने टोपी काढून काखेत धरली. पण दुसरा फेटा कुणी आणलाच नव्हता. बाईमाणसाला कशाला फेटा! त्याऐवजी एक अनोळखी बाई साडी, खण, नारळ आणि सुपात गहू घेऊन पुढे आली. तिने कुंकू लावलं. बिनलग्नाच्या पोरीची ओटी उगीच कुणी भरत नाही, हे आकांक्षाच्या ध्यानात यायला हवं होतं. पण एवढ्या लोकांसमोर सुचतं कुणाला? आता वर्दीला पदर कुठून आणायचा? तिची आई पुष्पाबाई लगबगीने पुढे झाली आणि तिने लेकीसाठी आपलाच पदर पसरला. ओटी त्यात पडली.

तेवढ्यात कडूबाने माईक घेतला. "ह्या सोनूबाई. जालन्याला मस्तगडात दुकान हाय त्यांचं. त्यांच्या पोरासाठी आमची आकांक्षा पसंत केलीय. आज गावादेखत सुपारी फोडून राह्यलो. लगीन पुढच्या महिन्यात!"

कुणाचं लग्न, हेच आकांक्षाला आधी उमगेना. मग उमगलं. लोक टाळ्या वाजवत होते. मघाचेच लोक.

"आबा, अन् माझी सही?" तिने विचारलं.

"सोडून द्यायची नोकरी," कडूबा हसत म्हणाला. "फौज काय तुझ्यावाचून बंद पडून राह्यली का?"

मंडप खदखदून हसला. कल्याण हातातल्या नारळाकडे बघत राहिला. तिला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

"आई, तुला माहीत व्हतं?"

पुष्पाबाईने पदराची मूठ आणखी घट्ट आवळली.

आकांक्षाने ती मूठ एकेक बोट करून उघडली. गहू तिच्या बुटांवर सांडले. साडी, खण, नारळ तिने सोनूबाईंसमोर टेबलावर ठेवले.

"मावशी, तुमच्यावर राग न्हाई. पण ही ओटी आईनं घेतली, मी न्हाई."

पुष्पाबाईने कपाळाला हात लावला. "आता कोण करून घेईल गं तुला?"

आकांक्षाने टोपी डोक्यावर नीट बसवली.

"चार वर्षं जाऊ दे, आई. ज्या दिवशी कल्याणला लग्नाचं विचाराल, त्याच दिवशी मलाबी विचारा."