विनाचौकशीचं कलम

घटना समितीत मास्तरीणबाई आल्या त्या नवऱ्याच्या पुण्याईवर, असं लोक त्यांच्या तोंडावरच म्हणायचे. नवरा परक्या सरकारच्या तुरुंगात विनाचौकशी सडला आणि तिथेच गेला. देश स्वतंत्र झाला, तसं कुणीतरी त्याच्या बायकोला खुर्ची देऊन टाकली.

समिती बसायची जुन्या गव्हर्नरच्या नाचघरात. सकाळी मूलभूत हक्कांसाठी घसा कोरडा करणारे सभासद दुपारच्या जेवणात कुठल्या साहेबाचा बंगला कुणाला, यावरून हमरीतुमरीवर यायचे. एकाला बाग हवी, दुसऱ्याला आंघोळीचा टब. मास्तरीणबाई ताट अर्धवट टाकून उठायच्या. तरी त्या मनाला समजवायच्या, घर बांधताना चिखल व्हायचाच.

मग ते कलम आलं. ते मांडायला उभे राहिले त्यांचे सख्खे दीर, मसुदा समितीचे अध्यक्ष. भावाच्या शेजारच्या कोठडीत त्यांनीही दिवस काढले होते. भावाचं प्रेत त्यांनीच बाहेर आणलं होतं.

"सार्वजनिक शांततेस धोका असल्याची सरकारची खात्री पटल्यास," ते वाचू लागले, "कोणाही इसमास चौकशीविना अटकेत ठेवता येईल, महाराजांची मर्जी असेपर्यंत..."

ते अडखळले. परक्या सरकारचा जुना कायदा उतरवताना त्यांचे महाराज खोडायचेच राहून गेले होते!

सभागृह खो खो हसलं. "अहो, महाराजांना बोटीत बसवा!" कुणीतरी ओरडलं. दीरही हसले, 'महाराज' खोडून 'राष्ट्राध्यक्ष' लिहिलं आणि पुढे वाचत गेले.

चहाच्या सुट्टीत बाईंनी त्यांना गाठलं. "भाऊजी, याच वाक्यानं तुमच्या भावाला नेलं होतं."

"वहिनी, ते सरकार परकं होतं. हे आपलं आहे."

"आणि कोठडीतले ढेकूण? तेही आता आपलेच?"

दिरांनी बिस्कीट चहात बुडवलं. "संपवाल्यांचा पुढारी डोक्यावर बसलाय. पहिला तोच आत जाईल."

"तो तर तुमच्याबरोबरच आत होता!"

"म्हणूनच तो काय करू शकतो, हे मला ठाऊक आहे."

त्यांच्या ओठाला बिस्किटाचा ओला चुरा चिकटला होता. बाईंना अशी शिसारी आली, की त्या तडक नळावर गेल्या आणि चूळ भरून आल्या.

मतदानात विरोधात दोनच हात वर झाले, बाईंचा आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा. बाकीच्यांनी कलम मंजूर केलं आणि वर टाळ्याही वाजवल्या.

सह्यांच्या दिवशी बाई गेल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, प्रकृती अस्वास्थ्यामुळे त्यांची सही राहिली. हा दिरांचाच उद्योग. संध्याकाळी शेजारीपाजारी फळं घेऊन तब्येत विचारायला आले.

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी," बाई दारातच म्हणाल्या. "सही केली नाही, कारण करायची नव्हती. बसा, सांगते."

दोघंतिघं बसले. बाकीच्यांना एकदम घरची कामं आठवली, आणि जाताना एकाने आपली फळंही परत नेली.