वाइब नावाची सवत

लॉर्ना वीबला आयुष्यात एकाच बाईचा राग होता, आणि त्या बाईला तिने कधी पाहिलंही नव्हतं. तिचं नाव वाइब. गेल्या वर्षी विनिपेगच्या विद्यापीठात लॉर्नाचा पूर्ण प्राध्यापकपदाचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा समितीच्या पत्रात लिहिलं होतं, "थंडीची बोच मेंदूत नेमकी कुठे उमटते, या विषयात वाइब यांचं काम पायाभूत आहे. डॉ. वीब त्यात फारशी भर घालत नाहीत." उंदरांच्या मिशांवर गार वारा सोडण्यात वीस वर्षं घालवलेल्या बाईला हे किती झोंबलं असेल! वाइबचं एक अक्षरही वाचायचं नाही असा पण तिने केला, आणि पाळलाही. एवढी संशोधक बाई, पण हट्टापुढे अक्कल गहाण टाकलेली.

यंदा अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. नियमानुसार ही दुसरी संधीही हुकली तर पुढची तीन वर्षांनी. मंगळवारी ती ग्रंथालयात ओरेस्ट हनाटिऊककडे गेली. कुणाचा शोधनिबंध किती जणांनी आधाराला घेतला, याची मोजदाद तोच करायचा.

"तुझ्या थंडीच्या निबंधाचे उल्लेख एकसष्ट," तो म्हणाला. "सोळा वर्षांत एकसष्ट! माझ्या बायकोची उकडलेल्या पेरोगी-करंज्यांची कृती याहून जास्त जणांनी उतरवून घेतलीय."

"मीठ चोळून झालं असेल तर सांग, त्या सटवीचे किती?"

"कुठल्या सटवीचे?"

"वाइबच्या!"

ओरेस्टने शोध घेतला. "चारशे सात." मग तो संगणकाच्या पडद्याजवळ सरकला. "लॉर्ना, हिच्या निबंधाचं नाव माहीत आहे तुला?"

"मला ऐकायचंही नाही."

"अगं, तुझ्याच निबंधाचं आहे. वर्ष तेच, पानं तीच. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या आय आणि ई यांनी तेवढी जागा बदललीय. वाइब नावाची कुणी बाईच नाही. ही तूच आहेस!"

लॉर्नाचा पारा चढला. म्हणजे एकाने चूक केली, आणि बाकीच्या विद्वानांनी मूळ निबंध न उघडताच एकमेकांच्या यादीतून ती उतरवून घेतली!

"पहिला कोण ते शोध. त्याला असं पत्र लिहिते, की जन्मात विसरणार नाही."

ओरेस्ट एकेक वर्ष मागे जात सगळ्यात जुन्या उल्लेखापाशी पोचला आणि गालातल्या गालात हसायला लागला.

"लिही पत्र. पत्ता तुझाच आहे. तुझ्याच पुढच्या निबंधात तू घाईघाईत स्वतःचं नाव चुकवलंयस."

लॉर्नालाही हसू आवरेना. "या गावात दर तिसऱ्या घरात वीब आहेत, आणि मला ते लिहिता येत नाही!"

अर्जात तिने लिहिलं, "वाइबचे उल्लेख धरून एकूण चारशे अडुसष्ट. सगळे माझे. पहिली चूकही माझीच."

"ते शेवटचं लिहायलाच हवं का?" ओरेस्टने विचारलं. "समिती हसेल."

"हसू दे. त्यांनी मला वाचलं नाही म्हणून मी कोकलतेय, पण मी तरी वाइबला कुठे वाचलं?"

महिन्याभराने समितीचे अध्यक्ष फ्रीसन स्वतः तिच्या प्रयोगशाळेत आले. बुटांवरचा बर्फ न झटकताच त्यांनी टेबलावर पाकीट ठेवलं.

"बढती मंजूर झाली," ते म्हणाले. "आणि गेल्या वर्षीचं ते वाक्य माझं होतं. वाइबचा दाखला मी स्वतः अकरा वेळा दिलाय."

लॉर्नाने या माणसासाठी वर्षभर टोमणे घासूनपुसून ठेवले होते. ती तोंड उघडणार, तोच फ्रीसन म्हणाले, "काल तो निबंध उघडला. पहिल्यांदाच."

टोमणे कुठल्या कुठे पळाले. "कसा वाटला?" तिने विचारलं.

"सुंदर आहे. पण सातव्या पानावरचा निष्कर्ष मला पटला नाही. उंदीर दचकला तो वारा गार होता म्हणून, की नुसता वारा आला म्हणून?"

लॉर्नाचा चेहरा उजळला. सोळा वर्षांत हे तिला कुणीही विचारलं नव्हतं. पाकीट न फोडताच तिने ते बाजूला सारलं आणि खुर्चीवरचे कागद उचलले.

"बूट काढा आणि बसा," ती म्हणाली. "चांगलं तासभर भांडायचंय."