पंख फुटल्यावरची कात

आमच्या घरात अंघोळीचा पहिला मान किड्यांचा. माझी बायको ओढ्यातले किडे अभ्यासते आणि तिच्या संस्थेत सुट्टी लागली की वीजबचतीसाठी टबांचे पंप बंद करतात. वाहत्या पाण्यातला किडा साचलेल्या पाण्यात गुदमरून मरतो, पण वीज वाचते, हे काय कमी झालं? म्हणून टब, पंप, दगडगोटे असं सगळं बिऱ्हाड आमच्या बाथरूममध्ये आलं आणि मी नि आई शेजाऱ्यांकडे अंघोळीला जाऊ लागलो. शेजारी भले. कारण कळल्यावर त्यांनी फक्त साबण वेगळा ठेवला.

किडा म्हणजे मेफ्लायचं पिल्लू. नखाएवढं, तीन शेपट्यांचं, कुशीला पिसांसारखे कल्ले असलेलं. पाणी जरा घाण झालं की हे मरतं. आपल्यासारखी सोय करून घेत नाही. बायकोच्या मते ही जात त्या एका ओढ्याखेरीज कुठेच नाही. नगरपालिकेच्या मते ओढा पाइपात घालून वर गाड्या लावल्या की सगळ्यांचंच भलं होईल. सोमवारी सुनावणी होती. जात वेगळी ठरली तर ओढा वाचणार, नाहीतर पाइप. पिल्लावरून मात्र जात ठरत नाही. त्यासाठी पूर्ण वाढलेला नर लागतो. त्याच्या शेपटीजवळच्या बारीक चिमट्यांवरून खरी ओळख पटते. तेव्हा पिल्लं मोठी होईपर्यंत आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

आठवडा संपता संपता वीज गेली आणि पंप थांबला. बायको नळीने टबात हवा फुंकत राहिली, आई पळीने पाणी ढवळत राहिली आणि मी वीजवाल्यांना फोनवर शिव्या घालत राहिलो. तिघांत माझाच उपयोग सगळ्यात कमी. एकच पिल्लू वाचलं.

रविवारी दुपारी ते पाण्याबाहेर आलं, पाठ उकलली आणि पंख फुटले. धुरकट, साय धरल्यासारखे.

"झाला गं बाई मोठा!" आई म्हणाली.

"अजून नाही, आई. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा हा एकटाच किडा. आहे नरच, डोळ्यांवरून कळतंय. उद्या सकाळपर्यंत कात टाकेल, पंख काचेसारखे होतील आणि चिमटे नीट तयार होतील. तोवर कुणी हात लावू नका."

तिने बरणीवर जाळी बांधली आणि संस्थेतून मायक्रोस्कोप आणायला निघाली. परवानगीसाठी विभागप्रमुखांना फोन करावा लागला. इथेच घात झाला.

विभागप्रमुखांना सगळे फीतसर म्हणतात, कारण जिथे फीत कापायची तिथे सर हजर. विषय त्यांचा धान्यातले सोंडे. ओढा त्यांनी शेवटचा पाहिला तो पुलावरून, गाडीची काच वर करून. बायको परतायच्या आत ते पेपरच्या फोटोग्राफरला घेऊन आमच्या घरी हजर. बरणी उचलली, स्पिरिटची कुपी काढली.

"सर, हात लावू नका म्हणून सांगून गेलीय ती."

"अहो, चष्मे विकणाऱ्यांनी किड्यांची काळजी करू नये. पंख आले म्हणजे प्रौढ. पहिलीतलं पोरही सांगेल."

"सून म्हणत होती, अजून कात..." आईने तोंड उघडलं.

"आजी, चहा मिळेल का?"

तोवर किडा स्पिरिटमध्ये गेला होता. फोटोग्राफर म्हणाला, जरा वर धरा. आई आयुष्यात पहिल्यांदाच पाहुण्याला म्हणाली, दूध संपलंय.

बायको आली ती मायक्रोस्कोप लेकरासारखा पोटाशी धरून. टेबलावरची कुपी पाहिली आणि तशीच बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. सरांचा गळा धरायला हवा होता, मी धरला नाही, त्याची अजून चीड येते.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी कुपीकडे बोट दाखवून सरांना सरळ विचारलं, "हा पूर्ण वाढलेला आहे का?"

'नाही' म्हटलं असतं तर सर चुकले असते. म्हणून सर म्हणाले, "शंभर टक्के. आणि चिमटे पाहता जात नेहमीचीच आहे."

बायको उठली. तिची नोकरी कंत्राटी आणि मुदतवाढ सरांच्या सहीवर. तरी उठली. "सर खोटं बोलताहेत. हा अर्धवट आहे. कात टाकायच्या आत त्यांनी तो स्पिरिटमध्ये बुडवला. मला थोडे दिवस द्या, दुसरा वाढवून दाखवते."

"यंत्रं येऊन उभी आहेत, मॅडम," अधिकारी म्हणाले. "तज्ज्ञांत मतभेद असतील तर ज्येष्ठांचं मत धरायचं, असा नियम आहे." पाइप मंजूर झाला. माणसाचं वय बघून किड्याची जात ठरते, हे मला नवीनच कळलं.

बाहेर जिन्यावर सरांनी तिला गाठलं. आवाजात माया उतू जात होती. "मनाला लावून घेऊ नका. तुमचं आतलं बोलणं मी विसरलो. एका किड्याचं काय एवढं? पुढच्या वर्षी दुसरा आणू."

"कुठून, सर?"

"कुठून म्हणजे? त्याच ओढ्यातून," सर म्हणाले आणि घाईने जिना उतरले.