हलका घ्यायचं कारण

जुना लॅपटॉप बंद पडला तो गिऱ्हाइकाच्या ओट्यावर, सिंकपासून हातभर अंतरावर. पडदा आधी निळा झाला, मग काळा. घरची बाई म्हणाली, "झोपला वाटतं." मापवाली बाई हसली, दोनदा बटण दाबलं आणि मग वही काढून उरलेलं चित्र हाताने काढून दिलं.

फर्निचरच्या एका कारखान्यात ती एकोणीस वर्षं होती. लोकांच्या घरी जायचं, स्वयंपाकघराच्या भिंती मोजायच्या, नळ कुठे, खिडकी कुठे, प्लग किती उंचीवर हे टिपून घ्यायचं, आणि मग लॅपटॉपवर कपाटं-ड्रॉवर बसवून दाखवायचे. गिऱ्हाइकं तिला मापवाली बाई म्हणत. कारखान्यातही तेच नाव पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मालकाला सांगितलं. मालक माणूस वाईट नव्हता, पण सध्या त्याच्या डोक्यात एकच भुंगा होता. दोन चौक पलीकडे कपाटांचं एक नवं दुकान उघडलं होतं.

"तिथे गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरात फिरवून आणतात, बाई. स्क्रीनवर. ड्रॉवर उघडतो, दिवा लागतो, खिडकीतून ऊन येतं. आणि आपण अजून चपटी चित्रं दाखवतोय." त्याने मोबाईल तिच्यापुढे सरकवला. "हा बघा. गेमिंगचा लॅपटॉप. मोठा पडदा, ग्राफिक्स जोरदार, आणि त्या मानाने स्वस्त. माझ्या भाच्याकडे आहे, थ्रीडी असं पळतं की बास."

"आणि हा शेजारचा?" तिने विचारलं. शेजारी एक बारीक, करड्या रंगाचा होता.

"तो नुसता दिसायला. किलोभर वजन आणि किंमत दीडपट. वर थ्रीडीला धापा टाकतो. तो घ्यायचं कारण काय?"

कारण होतं. तिच्या उजव्या खांद्यात होतं. पण ती म्हणाली, "बरं. मोठाच बघते."

खांदा आठ महिन्यांपूर्वी आखडला होता. सुरुवातीला वाटलं, झोपेत अवघडला असेल. मग हात मागे जाईना, वर जाईना. डॉक्टर म्हणाले, बरा होईल, पण वर्ष लागेल, दीडही लागेल. व्यायाम करा, ओझं उचलू नका. ओझं उचलू नका! लेझर मीटर, टेप, लॅमिनेटच्या नमुन्यांचा जाडजूड जुडगा आणि लॅपटॉप, एवढं सगळं घेऊन ती रोज तीन-चार घरं करायची. ती डावा खांदा वापरायला लागली आणि महिनाभराने तोही कुरकुरायला लागला.

मालकाला सांगायचं धाडस झालं नव्हतं. कपाटं बसवणारा एक जुना मिस्त्री होता, त्याची पाठ गेली होती. मालकाने चांगुलपणाने त्याला गेटवर बसायचं काम दिलं. चार महिने तो गेटवर बसला. मग गेटला यंत्र आलं, आणि मिस्त्री कधी गेला हे कुणाला नीट आठवतही नव्हतं. मापवाल्या बाईला आठवत होतं.

घरी नवरा तिची वेणी घालत होता. हे काम आठ महिन्यांपासून त्याचंच. तो लिफ्ट दुरुस्त करणारा, हात ग्रीस आणि तारांना सरावलेला, त्यामुळे वेणीसुद्धा केबल वळल्यासारखी घट्ट घालायचा.

"सैल करा जरा, डोळे ताणले जाताहेत."

"मग बोलू नकोस, मान हलते." थोड्या वेळाने तोच म्हणाला, "छोटा घे. उगाच हौस नको."

"हौस? मालक म्हणतोय मोठा घ्या. छोटा मागितला तर विचारणार, का?"

"मग सांग."

"तुम्हाला सांगायला काय जातंय? दिवसभर लोकांच्या लिफ्टा चालू करता आणि बायको मेली जिने चढते."

तो हसला नाही. वेणीला रबर लावून म्हणाला, "तू गेल्या शनिवारी जेवताना झोपलीस. घास हातात होता."

तिला ते आठवत नव्हतं. तिने ताट धुवायला घेतलं, डाव्या हाताने.

शनिवारी दुपारी ती दुकानात गेली. बरोबर कामाची पिशवी होती, कारण तिथून पुढे एका घरी माप घ्यायला जायचं होतं. दुकानात एका लांब टेबलावर लॅपटॉप मांडून ठेवले होते, सगळे उघडे, आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकच डोंगर. विकणारी बाई तिच्याच वयाची असावी. पायात मऊ तळव्याचे बूट, गळ्यात ओळखपत्र, आवाज बोलून बोलून बसलेला.

"काम कसलं करता, ताई?"

मापवालीने सांगितलं.

"म्हणजे थ्रीडी. मग हा." तिने मोठ्याचं झाकण वर केलं. कडेने लाल दिवे पेटले. "पडदा मोठा, चार माणसं एकदम बघू शकतात. फक्त काम जोरात चाललं की पंखा आवाज करतो. आणि बॅटरी म्हणाल तर दोन तास, त्यापुढे चार्जर लावायचा. चार्जर हा." तिने टेबलाखालून काढून दाखवला. अर्धी वीटच.

"आणि तो?"

"तो गोड आहे," विकणारी म्हणाली, आणि बारीकवाला तिच्या डाव्या हातात दिला. एका हातात. तबकडीसारखा थंड आणि हलका. "आठ-दहा तास चालतो. आवाज नाही. पण तुमचं फिरवून दाखवायचं काम याला जड जाईल. अडखळेल. खोटं कशाला सांगू?"

मापवालीने तो परत ठेवला. "मोठाच द्या. आमच्या मालकांनी ठरवलंय."

"पिशवीत मावतो का बघून घ्या आधी. नंतर लोक परत येतात."

विकणारीने स्वतःच मोठा लॅपटॉप पिशवीत सरकवला, नमुन्यांच्या जुडग्याशेजारी, आणि वरून चार्जर ठेवला. मावला. मापवालीने पट्टा धरला. डावा खांदा सकाळपासून ठणकत होता म्हणून तिने जुन्या सवयीने उजव्यावर घ्यायला हात उचलला. कोपर छातीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. पट्टा घसरून मनगटात अडकला, पिशवी खाली गेली आणि तिच्याबरोबर तीही. विकणारीने पिशवी अलगद धरली म्हणून लॅपटॉप वाचला. टेबलाला टेकून ठेवलेल्या खुर्चीत मापवाली बसली, की बसवली गेली, तिला कळलं नाही.

रडू आलं नाही. नुसतं बसून राहावंसं वाटलं. दुकान बंद होईपर्यंत, कुणी उठवेपर्यंत. पुढच्या घरी जायचं होतं, तिथे तिसरा मजला होता, हे सगळं डोक्यात होतं, पण पायांपर्यंत पोचत नव्हतं.

विकणारीने दुसरी खुर्ची ओढली आणि शेजारी बसली.

"तुम्ही जा, तुमची बाकीची गिऱ्हाइकं..." मापवाली म्हणाली.

"ताई, कृपा करून उठू नका. गिऱ्हाईक बसलेलं असेल तर आम्हाला शेजारी बसायची परवानगी आहे. मी सकाळी दहापासून उभी आहे."

दोघी बसल्या. विकणारीने बूट टाचेतून थोडे सैल केले.

"किती दिवस झाले खांद्याला?"

"आठ महिने."

"माझ्या बहिणीला झाला होता. बरा झाला, पण तिने शिलाई बंद ठेवली होती. तुमच्या मालकांना माहीत नसणार."

"कसं कळलं?"

"माहीत असतं तर त्यांनी हा घ्यायला पाठवलं नसतं. किंवा माहीत असूनही पाठवलं असतं, तर मग तुम्हीच तिथे कामाला राहिल्या नसतात." तिने खांदे उडवले. "मी लॅपटॉप विकते, मला दोन्हीत सारखंच. पण आज हा नका नेऊ."

मापवालीने फोन काढला. नंबर लावल्यावर क्षणभर वाटलं, मालकाने उचलूच नये. त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"झाला घेऊन?"

"नाही. मला मोठा उचलवत नाही. उजवा खांदा आखडलाय. आठ महिने झाले." बोलून झाल्यावर तिला धाप लागली, जिना चढल्यासारखी.

पलीकडे करवत चालू होती.

"आठ महिने?" मालक म्हणाला. "आणि मागच्या महिन्यात तुम्ही त्या पाचव्या मजल्यावर दोनदा गेलात?"

"तीनदा."

"मला बोलायला काय झालं होतं तुम्हाला?" तो चिडला होता, आणि कुणावर ते त्याचं त्यालाही कळत नसावं. मग त्याने तोच प्रश्न विचारला ज्याची तिला आठ महिने धास्ती होती. "मग आता फिरतीवर कुणाला पाठवू मी?"

"सोमवारी बोलू," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तिसऱ्या मजल्याच्या घरी तिने येत नसल्याचं कळवलं. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदाच. रविवार तिने जवळजवळ झोपून काढला. नवऱ्याने एकदा येऊन श्वास चालू आहे ना ते पाहिलं.

सोमवारी मालकाने सगळं ठरवून ठेवलं होतं. जिन्याची आणि लांबची घरं नव्या डिझायनरला. ती तिशीतली, दोन मुलांची आई, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. मापवालीला लिफ्ट असलेली घरं, आठवड्याला चार. उरलेला वेळ कारखान्यात बसून चित्रं. पगार तोच, प्रवासभत्ता बंद. लॅपटॉप छोटा घ्या, पण वरचा फरक तुम्ही भरा.

"आणि मोठा?" तिने विचारलं.

"तो तिच्यासाठी घेतोय. त्या नव्या दुकानाशी टक्कर द्यायची तर लागेलच."

म्हणजे नवीला मोठा मिळाला, कारण तिचे खांदे नवे होते. नोकरी राहिली होती. गेटवर बसवलं नव्हतं. तरीही तिची जुनी, नावानिशी तिलाच बोलावणारी घरं दुसरीच्या वहीत गेली. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलंही, "मापवाल्या बाई वारल्या का हो?"

छोटा लॅपटॉप अडखळायचा, हे खरंच होतं. एकदा एका नवरा-बायकोला फिरवून दाखवताना चित्र मध्येच गोठलं, आणि ते दोघं कपाटाच्या पोटात अडकून बसले. "आम्हाला बाहेर काढा," नवरा म्हणाला. सगळे हसले, पण काम मात्र दुसऱ्या दुकानाला गेलं.

पण ती संध्याकाळी व्यायामाला जाऊ लागली. दोरी, कप्पी, भिंतीवरून बोटं चढवायची. महिन्याला दोन-तीन बोटं हात वर सरकायचा. जेवताना झोप येईनाशी झाली. दुखणं गेलं नव्हतं, पण ते आता लपवायचं नव्हतं, आणि निम्मा थकवा लपवण्याचाच होता हे तिला हळूहळू कळत गेलं.

मग चार-पाच महिन्यांनी एकदा नवी डिझायनर दुपारी फिरतीवरून आली, आणि पिशवी टेबलावर ठेवताना तिने दात आवळले. नंतर मानेखाली बोटं दाबत उभी राहिली. मापवालीने चित्रावरून नजर उचलली.

"कधीपासून?"

"काही नाही हो ताई. पट्टा रुततो फक्त."

"कधीपासून, विचारलं."

"दीड महिना." नवीने दाराकडे पाहिलं. "त्यांना सांगू नका. माझे अजून कायमचे कागद झालेले नाहीत."

घाबरू नकोस म्हणणं सोपं होतं, पण ते खरं नव्हतं. मालक काय करेल हे तिलाही माहीत नव्हतं. तिने लॅपटॉप मिटला.

"चल. मीही येते."

"आत्ता?"

"आत्ताच. जेवून आलाय, जरा बरा असतो."

मालकाने दारात दोघींना एकदम पाहिलं आणि हातातला पेन खाली ठेवला. नवी बोलायला लागली, अडखळली, आणि उरलेलं मापवालीने सांगितलं. पिशवी तिने आत आणली होती. ती त्याच्या टेबलाजवळ ठेवून म्हणाली, "उचलून बघा एकदा."

त्याने उचलली. खांद्यावर घेतली, खोलीत दोन पावलं टाकली, खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. ती खाली ठेवली.

"यात काय विटा आहेत?"

"तुम्ही पसंत केलेला लॅपटॉप आहे," मापवाली म्हणाली.

त्या आठवड्यात काहीच झालं नाही. दोघींना वाटलं, विषय मिटला. पुढच्या आठवड्यात मालकाने नमुन्यांच्या दालनाचा एक कोपरा रिकामा करून घेतला, भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि गेमिंगचा लॅपटॉप कायमचा त्याला जोडून टाकला. ज्याला स्वयंपाकघरात फिरायचंय त्याने इथे यायचं. घरी जाताना फक्त टेप, लेझर आणि छोटा लॅपटॉप. तो दोघींनी वाटून घ्यायचा. नमुन्यांचा जुडगा पार्सलने पाठवायचा.

काही गिऱ्हाइकं आली, कोपऱ्यात बसून पंख्याचा घरघराट ऐकत आपल्या होणाऱ्या घरात फिरली. काहींनी म्हटलं, एवढं कोण येतंय, आणि ती दोन चौक पलीकडे गेली. मालकाने त्यावरून दोघींना कधी सुनावलं नाही. नव्या डिझायनरचे कागद मात्र त्याने तीन महिने पुढे ढकलले, आणि मापवालीने दर पहिल्या तारखेला जाऊन त्याला आठवण करून दिली. चौथ्या वेळी त्याने सही केली.