पितांबरचे पाच स्टुडिओ

पितांबरला मिळणार होती पाचपट जागा आणि द्यायची होती एकपट. असा सौदा मेहरूणमध्ये कोण सोडतो?

धुळ्याला, देवपुरातल्या सारिकाताईंनी खानदेशातले वीस फोटो स्टुडिओ इंटरनेटवरून एकमेकांना जोडले होते. दुसऱ्यांच्या लग्नांचं शूटिंग ठेवायला आपल्या कॉम्प्युटरवर जागा द्यायची. जेवढी द्याल तेवढीच इतरांकडे मिळेल. प्रत्येक लग्नाच्या तीन प्रती, तीन सभासदांकडे. एखाद्याचा कॉम्प्युटर जळाला तरी लग्न शाबूत. प्रती आधी कोणाकडे जाणार? ज्याला जास्त तारे त्याच्याकडे. तारे सभासदांनीच एकमेकांना द्यायचे.

पितांबरने एकाच डिस्कची जागा पाचदा दाखवून पाच स्टुडिओ थाटले. एक स्वतःचा, मग बायकोच्या नावाने बेबाबाई फिल्म्स, सासऱ्याच्या नावाने झुलाल स्टुडिओ, आत्याचा ताईबाई फोटो आणि सात वर्षांपूर्वी वारलेल्या काकांचं जीवराम व्हिजन. पाचही जण एकमेकांना रोज तारे वाटत.

सारिकाताई सगळ्यांना सांगत, "जीवरामभाऊंकडून शिका. तुम्ही कॉम्प्युटर बंद करून जेवायला जाता. ते बिचारे जागचे हलत नाहीत."

चोपड्याच्या लोटन नानांच्या पोरीचं, भाविकाचं लग्न पितांबरने शूट केलं. एरवी पाठवायला अख्खा दिवस लागायचा, या वेळी दहा मिनिटांत तिन्ही प्रती पोचल्या. खुशीत त्याने कॅमेऱ्यातलं सगळं पुसलं. मे महिना, उकाडा मरणाचा. कॉम्प्युटर तापला म्हणून त्याने कूलरचं तोंड त्याच्याकडे केलं. कूलरने हवा कमी आणि पाणी जास्त फेकलं. डिस्क गेली.

"घाबरू नका, पितांबरभाऊ," सारिकाताई फोनच्या स्पीकरवर म्हणाल्या. "तीन प्रती आहेत ना! एक झुलाल स्टुडिओकडे, एक जीवरामभाऊंकडे, एक बेबाबाईंकडे. मागून घ्या."

पितांबरने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय मागता?" आतून बेबाबाई ओरडली. "मला अजून मोबाइलचा टॉर्च बंद करता येत नाही!"

नाना आले. ऐकून घेतलं, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मनी पोरनं लगीन कोठे शे?"

"नाना, ते... परत शूट करू."

"कर. पण बठ्ठा पाव्हणा बलाव, चारशेच्या चारशे. घोडा तोच पाहिजे."

महिन्याभराने चोपड्यात तेच लग्न पुन्हा लागलं. रुसव्याच्या वेळी जावई योगराज खुर्चीवर फुगून बसले ते उठेचनात.

"जावईबापू, शूटिंग झालं, उठा आता," पितांबर म्हणाला.

"मागच्या खेपेला घड्याळ मिळालं म्हणून उठलो होतो. आज कशासाठी उठू?"

शेवटचा हिशेब असा. घोडा, बँड, मंडप, चारशे पाव्हण्यांची वरण-बट्टी आणि जावयाचं दुसरं घड्याळ: पितांबर. एक नारळ: नाना.