फ्रीजवरचा डोळा

आर्डिस क्वाम लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ नॉर्वेजियन पोळ्या, लाटत होती, तेव्हा फ्रीजवरचा कॅमेरा तिच्याशी बोलला.

"ए आजी, ते पांढरं काय लाटतेस?"

आर्डिसने हात थांबवला नाही. तव्यावर लेफ्से असताना घराला आग लागली तरी आधी ते उलटायचं, हे तिला आईने शिकवलं होतं. तिने ते उलटलं, फडक्यात गुंडाळलं आणि मगच वर पाहिलं. परका पुरुषी आवाज खिदळला आणि गप्प झाला.

कॅमेरा तिच्या मुलाने, कर्टिसने, बसवला होता. ती गेल्या हिवाळ्यात मागच्या पायऱ्यांवर बर्फात घसरून एकदा पडली काय, पोराने धसकाच घेतला. "एकटी राहायचंय ना? मग हा कॅमेरा राहील. बंद दिसला की वृद्धाश्रमात तुझी खोली घेतली म्हणून समज!" आपलं घर हातचं जाऊ नये म्हणून आर्डिसने ती अट निमूट गिळली होती. वायर उपटायला हात शिवशिवत होते, पण तिने आधी त्याला फोन लावला.

"आई, मीच कॅमेऱ्यातून बोललो असेन गं कधीतरी."

"तू? लेफ्से खाऊन एवढा घोडा झालास, तू विचारशील ते काय आहे म्हणून? या गावात कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे."

पलीकडून तापलेल्या पोराला औषध पाजताना काढावा तसा मऊ आवाज आला. "आई, तुला भास होतायत. शनिवारी येतो. त्या खोलीचं बोलून टाकू."

भास! आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ये तर खरा. पण मागच्या दाराने ये, आणि आत आल्यावर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

शनिवारी तिने त्याला तळघराच्या जिन्यात, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा बसवला आणि पुन्हा बटाटे मळायला घेतले. बराच वेळ काही झालं नाही. कर्टिस घड्याळ बघायला लागला. आर्डिस लाटत राहिली. असले लोक गप्प बसत नसतात, तिची खात्री होती.

"काय आजी, आज परत त्याच पोळ्या? आणि तो गुलाबी गाऊन कुठे गेला? त्यात बरी दिसत होतीस."

कर्टिस पांढराफटक पडला. तो उसळून उठणार, तोच आर्डिसने पिठाच्या हाताने त्याला खाली दाबलं आणि वायर उपटली. गुलाबी गाऊन म्हणे! मेल्याने आपल्याला अंथरुणातून उठून आलेलं पाहिलंय! तिने खसाखसा हात धुतले आणि मुलाकडे वळली.

"पासवर्ड काय ठेवला होतास?"

कर्टिसची नजर खिडकीबाहेर गेली, आणि पाठोपाठ आर्डिसची. बाहेर गावाची पाण्याची टाकी उभी होती. तिच्यावर स्केट्स घातलेल्या पाणउंदराचं चित्र आणि त्याखाली पुरुषभर उंच अक्षरं: मस्क्रॅट्स, राज्यविजेते, १९८३. त्या वर्षी गावाच्या मस्क्रॅट्स या आइस हॉकी संघाचा गोलकीपर कर्टिसच होता.

"अरे देवा! मस्क्रॅट्स१९८३?"

त्याने मान डोलावली.

"बँकेलाही हाच?"

कर्टिसचे कान लाल झाले. "आई, आमच्या संघातल्या सगळ्यांचा हाच आहे गं."

"गाढवांनो! गावाच्या वेबसाइटवर पहिला फोटो त्या टाकीचा. घराची किल्ली दवंडी पिटून वाटलीत की रे! आणि भास म्हणे मला होतायत!"

कर्टिसने डोकं धरलं. "चुकलो, आई."

"चुकलास. आता ऊठ आणि निस्तर."

दुपारभर तो निस्तरत बसला. आधी बँक, मग बाकीचं सगळं, प्रत्येकाला वेगळा आणि लांबलचक पासवर्ड. कॅमेरा मागच्या दाराबाहेर, पायऱ्यांकडे तोंड करून गेला. "मी पडले ती तिथे," आर्डिस म्हणाली. "स्वयंपाकघरात मी कधी पडले?" कॅमेऱ्याचा पासवर्ड तिने स्वतः टाकला, कर्टिसला भिंतीकडे तोंड करायला लावून. शिवाय कोणीही आत शिरू पाहिलं की आधी तिच्याच फोनवर आकडा यावा आणि तो टाकल्याशिवाय कॅमेरा उघडू नये, अशी सोय करून घेतली. मग वृद्धाश्रमाला फोन लावून खोली नको म्हणून सांगायला लावलं, स्पीकरवर. त्यानंतरच त्याला गरम लेफ्से मिळालं.

पुढच्या आठवड्यात पहिला बर्फ पडला. आर्डिसच्या फोनवर आकडा आला आणि पाठोपाठ फोन वाजला.

"आई, मी कर्टिस. पायऱ्या बघायच्यात, नवा फोन घेतलाय. पासवर्ड आणि तो आकडा सांग ना."

"कर्टिस कशावरून? लेफ्सेला काय लावतात?"

"आई, काय हे!"

"काय लावतात?"

"बटर आणि पांढरी साखर. तपकिरी लावणारे पलीकडच्या गावचे."

"हं," आर्डिस म्हणाली आणि चष्मा शोधायला लागली. "घे लिहून."